तीन पत्तीवाला पोकरला बसतो तेव्हा

गणपतीतलं जागरण. आत मखरासमोर समई, बाहेर पडवीत सतरंजी आणि सतरंजीवर आम्ही सहा जण पत्ते घेऊन. दर वर्षी तीन पत्तीच असते, पण त्या वर्षी बेंगळुरूहून आलेल्या मावसभावाने पोकर शिकवायला घेतलं. पैसे लावायचे नाहीत ही आजीची जुनी अट. म्हणून चिंचोका ५ चा, आगकाडी १० ची आणि आईच्या शिवणाच्या डब्यातलं बटण ५० चं असा भाव ठरला आणि प्रत्येकाला ३०० चा ऐवज मिळाला.

तिसऱ्याच डावात मला सत्तीपासून गुलामापर्यंत सलग पाच पानं लागली. मी ऐटीत पानं उघडून ढीग ओढायला हात घातला, तर मावसभावाने पाच किलवर मांडले.

"कलर आहे माझा."

"मग? सिक्वेन्स मोठा."

"तीन पत्तीत मोठा. इथे नाही."

धाकट्या काकांनी माझी बाजू घेतली, भावोजींनी मोबाइल काढला, आणि अर्ध्या तासाने ढीग मावसभावाकडे गेला. हा वाद तीन पत्ती खेळून पोकरला आलेल्या जवळजवळ प्रत्येक घरात एकदा तरी होतो. त्याचं उत्तर मात्र सहसा कुणी देत नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

जे क्वचित लागतं ते मोठं, हा दोन्ही खेळांचा नियम. ५२ पानांतून तीन पानांचे २२,१०० वेगवेगळे हात होतात. त्यांत साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. सिक्वेन्स दुर्मीळ, म्हणून तो वरचा. पाच पानं घेतली की गणित उलटतं. एकूण २५,९८,९६० हात होतात, त्यांत कलर, म्हणजे पोकरवाल्यांचा फ्लश, फक्त ५,१०८ आणि साधा सिक्वेन्स, म्हणजे स्ट्रेट, १०,२००. पाचही पानं एकाच रंगाची मिळणं अवघड होऊन बसतं. (जाता जाता: तीन पत्तीतही हा नियम एका जागी मोडलेला आहे. ट्रेल, म्हणजे तिन्ही पानं सारखी, ५२ आणि प्युअर सिक्वेन्स, म्हणजे एकाच रंगाची सलग तीन पानं, ४८. खरं तर प्युअर सिक्वेन्स वरचा हवा. पण हे आमच्या काकांना सांगायची हिंमत अजून कुणी केलेली नाही.)

आता खेळ कसा चालतो ते थोडक्यात. पोकरचे प्रकार बरेच आहेत, पण हल्ली बहुतेक ठिकाणी टेक्सस होल्डेम खेळतात. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात. मग मधोमध पाच पानं सगळ्यांसाठी उघडी येतात: आधी तीन एकदम, तो फ्लॉप; मग चौथं, टर्न; मग पाचवं, रिव्हर. झाकलेली पानं मिळाल्यावर आणि यातल्या प्रत्येक टप्प्यानंतर बोली होते. आपली दोन आणि मधली पाच अशा सात पानांतून सगळ्यात चांगला पाच पानांचा हात धरायचा. 'ब्लाइंड' शब्दाने फसू नका. तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पानं न बघता चाल करणं. पोकरमध्ये वाटणाऱ्याच्या डावीकडच्या दोघांना पानं मिळण्याआधी सक्तीने थोडे पैसे टाकावे लागतात, त्याला ब्लाइंड म्हणतात. पहिल्याचा छोटा ब्लाइंड, दुसऱ्याचा मोठा. आमच्याकडे पहिल्याने एक चिंचोका आणि दुसऱ्याने एक काडी, म्हणजे ५ आणि १०.

तीन पत्तीतून आलेल्या माणसाला पहिली अडचण येते ती पानं टाकायची. आमच्यात 'पॅक' म्हणणं म्हणजे शेपूट घालणं. कुणी लागोपाठ चार डाव टाकले की लगेच टोमणा येतो, "झोप आली का रे?" पोकरमध्ये लागोपाठ चार काय, आठ डाव टाकणाराही जागाच असतो. टेबलावर नऊ जण असतील तर चांगला खेळाडू आलेल्या हातांपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त हात फ्लॉप न बघताच टाकून देतो.

कारण पुन्हा आकड्यांतच आहे. दोन झाकलेल्या पानांच्या १,३२६ जोड्या होतात. कुठली ना कुठली जोडी, म्हणजे दोन सत्त्या किंवा दोन राण्या, साधारण १७ डावांतून एकदा येते. दोन एक्के २२१ डावांतून एकदा. घरी तासाला तीस डाव होतात असं धरलं तर अख्खं जागरण संपेपर्यंत एकदा. उरलेली बरीचशी पानं एकमेकांशी संबंध नसलेली असतात, आणि अशी दोन वेगवेगळी पानं घेऊन फ्लॉप बघितला तर तीनातून दोनदा त्यात जोडीसुद्धा लागत नाही. एक्का-राजालाही हाच हिशेब लागू. मग नव्वी-तिर्री घेऊन 'बघू तरी' म्हणणाऱ्याचं काय होणार? पण 'बघू तरी' हे दोन शब्द आपल्याकडे असे रुळलेत की चिंचोका कधी सरकवला ते कळतच नाही.

नवीन माणूस हमखास फसतो अशा हातांचे दोन नमुने सांगतो. पहिला, एकाच रंगाची दोन पानं. बदामचा राजा आणि बदामची दुर्री हातात आली की डोळ्यांसमोर लाल कलर नाचायला लागतो. प्रत्यक्षात रंग एक असण्याने हाताची ताकद दोन-तीन टक्क्यांनी वाढते, एवढंच. फ्लॉपवरच तयार कलर मिळण्याची संधी ११८-११९ वेळांतून एक. दुसरा, एक्का आणि सोबत फालतू पान. एक्का-चव्वी घेऊन बसलात आणि मध्ये एक्का पडला की आनंद होतो. पण समोरच्याने भरपूर पैसे लावले, तर त्याच्याकडेही एक्का असायची दाट शक्यता आणि त्याच्या जोडीला बहुधा राजा नाहीतर राणी. दोघांचीही एक्क्यांची जोडी, पण निकाल सोबतच्या पानावर. त्याला किकर म्हणतात. एक्का-चव्वी विरुद्ध एक्का-राजा अशी गाठ पडली तर चव्वीवाल्याला चारातून जेमतेम एकदा जिंकता येतं.

कुठली पानं खेळायची याचे तयार तक्ते इंटरनेटवर ढिगाने मिळतात. पाठ करायला हरकत नाही, पण त्याआधी आपण कुठे बसलोय ते बघायला शिका. माझ्या मते पोकरमधली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट हीच. पत्ते वाटणारा फ्लॉपनंतर प्रत्येक फेरीत सगळ्यांच्या शेवटी बोलतो. बाकीच्यांनी काय केलं, कोण कचरला, कुणी लगेच पैसे सरकवले, हे सगळं बघून तो ठरवतो. भाजीच्या लिलावात बाकीच्या व्यापाऱ्यांच्या बोली ऐकून शेवटी तोंड उघडणाऱ्यासारखा. सगळ्यांत आधी बोलावं लागणाऱ्याला मात्र अंधारात पाऊल टाकावं लागतं. म्हणून तेच गुलाम-दश्शी वाटणाऱ्याच्या जागेवर खुशाल खेळावे आणि पहिल्या जागेवर बऱ्याचदा टाकावे. सहा जणांच्या टेबलावर अंदाजे सांगायचं तर पहिल्या जागेवरून सहा-सात हातांतला एक खेळावा, आणि वाटणाऱ्याच्या जागेवर, आधीच्या सगळ्यांनी टाकलं असेल तर, पाचातले दोन.

आणि खेळायचंच ठरलं तर पैसे वाढवून आत शिरावं. नुसती ब्लाइंडएवढी काडी टाकून गुपचूप आत येणं ही आपली सवय, पण ती वाईट आहे. २०१९ मध्ये प्लुरिबस नावाच्या संगणक प्रोग्रॅमने सहा जणांच्या टेबलावर नामांकित व्यावसायिक खेळाडूंना हरवलं. तो कुणाचे डाव बघून शिकलेला नव्हता, स्वतःशीच खेळत शिकला होता. त्यानेही हाच निष्कर्ष काढला की छोट्या ब्लाइंडची जागा सोडली तर असं गुपचूप आत येणं तोट्याचं. कारण सोपं आहे. दोन एक्के घेऊन एका माणसाशी गाठ पडली, तर तुम्ही सरासरी शंभरातून ८५ वेळा जिंकता. तेच एक्के घेऊन पाच जणांना फुकटात फ्लॉप बघू दिलात, तर जिंकण्याची शक्यता निम्म्यावर येते. एक्के तेच, गर्दी तेवढी वाढली. शिवाय वाढवल्यावर सगळ्यांनीच पानं टाकली, तर ब्लाइंडचे पैसे पत्ते न उघडता मिळतात.

आता एक डाव नीट उलगडून दाखवतो, कारण पोकरचा खरा गाभा हिशेबात आहे आणि हिशेब डावाशिवाय कळत नाही. त्याच रात्रीचा, दीड वाजताचा.

मी वाटणारा. हातात बदामचा एक्का आणि बदामची दश्शी. भावोजींनी ३० लावले, बाकी सगळ्यांनी टाकले, मी ३० दिले. ब्लाइंडचे १५ धरून मध्ये ७५. फ्लॉप आला: किलवरचा राजा, बदामची सत्ती, बदामची तिर्री. माझे चार बदाम झाले, कलरला एकच हवा. भावोजींनी ५० लावले.

तीन पत्तीतला मी इथे स्वतःलाच विचारलं असतं, "कलर लागेल का?" पोकरमध्ये विचारायचं असतं, "लागायची शक्यता किती, आणि ती मला केवढ्याला मिळतेय?" मध्ये ७५ आणि त्यांचे ५० मिळून १२५. मला द्यायचे ५०. दिले की ढीग १७५ चा, त्यातले माझे ५०, म्हणजे सुमारे २८ ते २९ टक्के. मी एवढ्या वेळा तरी जिंकणार असेन तर ५० देणं परवडतं.

आता मला उपयोगी पानं मोजायची. बदाम तेरा, चार दिसतायत, उरले नऊ. शिवाय तीन एक्के. भावोजींकडे राजाची जोडी असेल तर एक्का पडल्यावर मी वर जातो. हे तीन काही खात्रीचे नाहीत, त्यांच्याकडेच एक्का-राजा असेल तर पंचाईत. तर उपयोगी पानं नऊ ते बारा. तोंडी हिशेबाची एक युक्ती आहे: पुढचं एकच पान यायचं असेल तर उपयोगी पानांची दुप्पट करा, दोन्ही यायची असतील तर चौपट, साधारण तेवढे टक्के. नऊची दुप्पट अठरा, खरा आकडा १९ च्या जवळ. नऊची चौपट छत्तीस, खरा आकडा ३५. चुलीपाशी बसल्या बसल्या जमावा इतका सोपा हिशेब.

एका पानाचा विचार केला तर मला १९ ते २५ टक्के संधी, आणि हवेत २८-२९. थोडं कमी पडतंय. पण भावोजींपुढे अजून २२० चा ऐवज होता. बदाम पडला तर त्यातले काही मला मिळणारच होते, कारण भावोजी जोडी सहजासहजी सोडत नाहीत. ही पुढची कमाई धरली की ५० देणं बसतं. मी दिले. (इथे उलट मीच पैसे वाढवून त्यांना पानं टाकायला लावणं हाही एक चांगला मार्ग होता. पण त्या रात्री मला तो सुचला नाही.)

टर्नला चौकटची नव्वी. काही उपयोग नाही. भावोजींनी शांतपणे उरलेले सगळे, २२०, मध्ये सरकवले. ऑल-इन.

पानं तीच, पण भाव बदलला. मध्ये १७५ आणि त्यांचे २२० मिळून ३९५. मला द्यायचे २२०, म्हणजे एकूण ६१५ मधले. जवळजवळ ३६ टक्के संधी हवी. माझ्याकडे बारा पानं धरली तरी न दिसलेल्या ४६ मधली १२, म्हणजे २६ टक्के. आणि भावोजींपुढे आता काही उरलेलं नाही, म्हणजे पुढची कमाईही शून्य. पैसे दिले असते तर चारातून एकदा ३९५ मिळाले असते आणि तीनदा २२० गेले असते. नीट आकडे घातले तर दर वेळी सरासरी ६० चं नुकसान. मी पानं टाकली.

काकांनी लगेच पुढचं पान उलटून पाहिलं. बदामची छक्की.

"अरे, टाकलंस कशाला! आला होता ना कलर!" अख्खी पडवी माझ्यावर हसली, आणि मला स्वतःचाच राग आला. पण राग यायचं कारण नव्हतं. पान आलं म्हणून निर्णय चुकीचा ठरत नाही. शंभर वेळा हाच डाव आला तर चौऱ्याहत्तर वेळा बदाम किंवा एक्का येणार नाही, आणि त्या वेळी पुढचं पान उलटून बघायला काकाही थांबणार नाहीत. निर्णय आणि निकाल वेगळे ठेवणं मला हिशेबापेक्षा जड गेलं. अजूनही जातं.

ब्लफबद्दल लोकांना भलतंच आकर्षण असतं, त्यामुळे तेही सांगून टाकतो. ब्लफ म्हणजे नाटकीपणा किंवा धाडस, असं सिनेमांमुळे वाटतं. तोही भावाचाच प्रश्न आहे. मध्ये १०० असतील आणि तुम्ही हातात काही नसताना ५० लावले, तर तीनातून एकदा समोरच्याने पानं टाकली की तुमची बरोबरी होते. १०० लावले तर दोनातून एकदा टाकायला हवीत. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन याने १९४४ साली खेळांच्या सिद्धांतावर लिहिताना पोकरचं सोपं रूप घेऊन दाखवलं की ब्लफ हा खेळाचा अटळ भाग आहे, आणि तो मधल्या हातांनी न करता अगदी टाकाऊ हातांनी करायचा. मधल्या हाताला शेवटी पानं उघडून जिंकायची थोडी आशा असते, टाकाऊला नसते. आणि तुम्ही कधीच ब्लफ करत नाही हे समोरच्याला कळलं, तर तुम्ही पैसे लावताच तो पानं टाकेल आणि तुमच्या चांगल्या हाताला कुणी गिऱ्हाईकच उरणार नाही.

पण हा सिद्धांत धाकट्या काकांसमोर घेऊन जाऊ नका. काका सहसा पानं टाकतच नाहीत. 'शो' बघितल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. अशा माणसाशी ब्लफ म्हणजे चिंचोके भेट देणं. त्यांच्यासमोर एकच काम करायचं: चांगला हात आला की पैसे लावायचे, भरपूर लावायचे, आणि वाईट हात आला की गप्प बसायचं. घरगुती टेबलावर असे काका बहुमतात असतात, म्हणून नवशिक्याने ब्लफ जवळजवळ विसरावा हेच बरं.

चेहरे वाचायचंही असंच. हात थरथरतो, नाक खाजवतो, हे बघून काही कळायला समोरचा माणूस वर्षानुवर्षं ओळखीचा लागतो. त्यापेक्षा तो किती लावतो आणि कधी लावतो ते बघा. फ्लॉपवर गप्प बसलेला माणूस तिसरा बदाम पडताच अचानक मोठी बोली लावतो. त्याच्या नाकाकडे बघायची गरजच काय?

पैशांचं बोलायलाच हवं. कॅसिनोत पोकर खेळताना तुम्ही एकमेकांशी खेळता, पण प्रत्येक ढिगातून कॅसिनो आपला वाटा काढतो, त्याला रेक म्हणतात. म्हणजे बरोबरीचे सहा जण रात्रभर खेळले तर उठताना सहाही मिळून तोट्यात. पणजीला मांडवीतल्या बोटींवर जाणाऱ्यांनी हे आधी मनात धरावं. ऑनलाइन पैसे लावून खेळायचा मार्ग २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद केला आहे. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा फरक तो कायदा करतच नाही. पैसे लागले की बंदी. त्यामुळे कुणी मोबाइलवर लिंक पाठवून बोलावलं तर समजून घ्या. आणि हरलेलं परत मिळवायला म्हणून कुणी खेळायला लागला की वरचा एकही हिशेब त्याला ऐकू येत नाही. वचपा काढायला बसलेला माणूस नव्वी-तिर्रीही एक्क्यांसारखीच खेळतो. भावोजींनी माझे बदाम पाहिले नव्हते, पण त्यानंतरच्या तासाभरात मी काय काय खेळलो ते सगळ्यांनी पाहिलं. साडेतीनला माझ्यापुढे दोन काड्या आणि एक चिंचोका उरला होता.

एका रात्रीत दीडशे-दोनशे डाव होतात. एवढ्यात नशीब कौशल्याला सहज झाकून टाकतं. कोण खरंच चांगला खेळतो हे दिसायला हजारो डाव लागतात. पहाटे काकड्याच्या आधी आम्ही ऐवज मोजला, तर सगळ्यात जास्त बटणं धाकट्या काकांकडे होती. रात्रभर त्यांनी क्वचितच एखादा हात टाकला होता. मावसभाऊ हिशेबाची वही मिटून त्यांच्याकडे नुसता बघत राहिला. काकांनी बटणं आईच्या डब्यात ओतली, चिंचोके खिशात घातले आणि विचारलं, "उद्या परत हेच, की आपली तीन पत्ती?"